अमेरिकेत टीव्ही लावण्यापूर्वी: आधी पत्ता, मग चॅनेल

न्यू जर्सीतील प्लेन्सबरो सोडून आम्ही शेजारच्या वेस्ट विंडसरमध्ये राहायला गेलो, तेव्हा किराण्याचे दुकानसुद्धा बदलावे लागले नाही, इतकी ही दोन गावे एकमेकांना लागून आहेत. टीव्ही जुनाच होता आणि इंटरनेटवरून चालणारी टीव्ही सेवाही जुनीच होती. तरीही नवा पिन कोड, म्हणजे इथल्या भाषेत झिप कोड, भरल्याबरोबर संध्याकाळच्या बातम्यांतील निवेदक बदलले, न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेऐवजी फिलाडेल्फियाच्या पुलांवरील वाहतूक दिसू लागली आणि रविवारी दुपारी अमेरिकन फुटबॉलमध्ये न्यूयॉर्कच्या जायंट्सच्या जागी फिलाडेल्फियाच्या ईगल्सचा सामना आला. सेवेत बिघाड झाला असावा असे समजून मी दोन संध्याकाळी फोनवर घालवल्या. प्रत्यक्षात सगळे नियमाप्रमाणेच चालले होते, मला नियम ठाऊक नव्हता एवढेच.

आपल्याकडे एखादी वाहिनी सोलापुरात जशी दिसते तशीच ती नागपुरातही दिसते, त्यामुळे "सामना कोणत्या चॅनेलवर आहे?" या प्रश्नाला एकच उत्तर असते. अमेरिकेत तोच प्रश्न अपुरा ठरतो, कारण इथे आधी तुमचा पत्ता विचारला जातो. नव्याने आलेल्यांना हे समजायला माझ्यासारखे वर्ष लागू नये, म्हणून पुढील पायऱ्या अनुभवाच्या क्रमाने लिहिल्या आहेत.

सुरुवातीला हाताशी काय असावे

- घराचा पूर्ण पत्ता, झिप कोड आणि आपण कोणत्या काउंटीत, म्हणजे राज्यातील कोणत्या जिल्ह्यात, राहतो याची माहिती.
- टीव्हीचा मॉडेल क्रमांक आणि त्याच्या पाठीमागे अँटेनासाठीची पेचाची गोल जोडणी आहे की नाही याची खात्री.
- भाडेकराराची प्रत, विशेषतः बाल्कनीविषयीचे कलम.
- केबल किंवा उपग्रह सेवा घ्यायची असल्यास छायाचित्र असलेले ओळखपत्र आणि सोशल सिक्युरिटी क्रमांक. क्रमांक अजून मिळाला नसल्यास पासपोर्ट आणि अनामत रक्कम यांवर काम होते का, ते आधीच विचारून घ्यावे.
- दिशा पाहण्यासाठी फोनमधील होकायंत्र.

१. नेटवर्क आणि स्टेशन यांत गल्लत करू नका

एनबीसी, सीबीएस, एबीसी आणि फॉक्स ही चार मोठी नेटवर्क आहेत. पहिली तीन रेडिओच्या काळापासूनची असून फॉक्स १९८६ साली आले. नेटवर्क कार्यक्रम पुरवते. हवेतून ते तुमच्या घरापर्यंत पोहोचवण्याचे काम तुमच्या भागातील स्टेशन करते. एफसीसी ही केंद्रीय नियामक संस्था परवाना देते तो स्टेशनला, नेटवर्कला नव्हे. काही स्टेशने नेटवर्कच्याच मालकीची असतात, जशी न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फिया येथील या चारही नेटवर्कची स्टेशने. परंतु देशातील बहुसंख्य स्टेशने दुसऱ्याच कंपन्यांची असतात आणि करार करून नेटवर्कशी संलग्न होतात. बॉस्टनचे पाच क्रमांकाचे डब्ल्यूसीव्हीबी एबीसीचे कार्यक्रम दाखवते, पण ते हर्स्ट कंपनीच्या मालकीचे आहे.

हा फरक कागदापुरता नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये जिमी किमेल यांचा रात्रीचा कार्यक्रम काही दिवसांच्या खंडानंतर एबीसीने पुन्हा सुरू केला, तेव्हा नेक्सस्टार आणि सिंक्लेअर या दोन कंपन्यांनी आपल्या मालकीच्या एबीसी स्टेशनांवर तो आणखी काही दिवस दाखवलाच नाही. त्या आठवड्यात एकच नेटवर्क एका शहरात एक दाखवत होते आणि दुसऱ्या शहरात दुसरेच.

स्टेशनची ओळख त्याच्या आद्याक्षरांवरून पटते. साधारणपणे मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडील स्टेशनांची नावे 'डब्ल्यू'ने आणि पश्चिमेकडील 'के'ने सुरू होतात. अपवाद आहेतच: फिलाडेल्फियाचे केवायडब्ल्यू पूर्वेला असून 'के'चे आहे, तर डॅलसचे डब्ल्यूएफएए पश्चिमेला असून 'डब्ल्यू'चे.

पीबीएस हे सार्वजनिक प्रसारण आहे. लहान मुलांसाठी त्याच्याइतके चांगले फुकट काही नाही, असे माझे मत आहे. त्याची सदस्य स्टेशने देणग्यांवर चालतात आणि २०२५ साली काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, केंद्रीय निधी काढून घेतल्यापासून त्यांची देणगीची आवाहने वाढली आहेत, याचे आश्चर्य वाटू देऊ नका.

ईएसपीएन, सीएनएन आणि टीएनटी यांची गोष्ट वेगळी. ही केबल चॅनेले आहेत, त्यांना स्थानिक स्टेशन नसते, ती हवेतून येत नाहीत आणि पैसे मोजल्याशिवाय दिसत नाहीत.

२. आपले मार्केट शोधा

प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या नील्सन कंपनीने संपूर्ण देश २१० टीव्ही मार्केटमध्ये विभागला आहे. बहुतेक ठिकाणी ही विभागणी काउंटीच्या हद्दीवरून होते, राज्याच्या नव्हे. न्यू जर्सी हे त्याचे ठळक उदाहरण आहे: राज्यातील २१ काउंट्यांपैकी उत्तरेकडील आणि मधल्या १३ न्यूयॉर्क मार्केटमध्ये जातात, दक्षिणेकडील ८ फिलाडेल्फियात, आणि खुद्द न्यू जर्सीच्या नावाचे मार्केटच नाही. एडिसन आणि प्लेन्सबरो मिडलसेक्स काउंटीत असल्याने न्यूयॉर्कचे. वेस्ट विंडसर आणि प्रिन्स्टन मर्सर काउंटीत असल्याने फिलाडेल्फियाचे. माझ्या दोन संध्याकाळी या एका रेषेने खाल्ल्या होत्या.

मार्केटवरून चार गोष्टी ठरतात: तुमच्या बातम्या, तुमच्या हवामानाचे इशारे, नेटवर्कवर दिसणारे खेळ आणि टीव्ही सेवेत मिळणारी स्थानिक स्टेशने. म्हणून घर घेण्यापूर्वी नव्हे, तरी टीव्ही सेवा घेण्यापूर्वी हे नक्की पाहावे. एफसीसीच्या संकेतस्थळावरील प्रक्षेपण नकाशात पत्ता टाकला, की हवेतून कोणती स्टेशने मिळू शकतात, त्यांचे मनोरे कोणत्या दिशेला आहेत आणि संकेत किती जोरकस आहे, हे दिसते. रॅबिटइअर्स या संकेतस्थळावर याहूनही बारीक तपशील मिळतात.

३. टीव्ही इथलाच घ्या, आणि तो टीव्हीच आहे ना ते पाहा

भारतातून टीव्ही आणण्याचा मोह टाळावा. विजेच्या दाबाचा प्रश्न सुटला, तरी इथल्या हवेतील डिजिटल प्रसारणाची पद्धत वेगळी आहे आणि भारतात विकल्या जाणाऱ्या संचातील ट्यूनर, म्हणजे हवेतील संकेत टिपणारा भाग, ते पकडत नाही.

दुसरा सापळा गराज सेलमधला, म्हणजे लोक घरासमोर मांडतात त्या जुन्या वस्तूंच्या विक्रीतला, आहे. मी वीस डॉलरला आनंदाने घरी आणलेला मोठा 'टीव्ही' प्रत्यक्षात संगणकाचा मॉनिटर निघाला. त्यात ट्यूनर नव्हता, म्हणून बाहेरून ट्यूनरची पेटी जोडावी लागली आणि स्वस्ताई तिथेच संपली.

४. आधी अँटेना लावून पाहा

छपरावर चढलेला एक जण अँटेना फिरवतो आहे आणि खाली खिडकीतून दुसरा "आलं, आलं... गेलं!" असे ओरडतो आहे, हे दृश्य ज्यांच्या लहानपणी घडले आहे, त्यांना अमेरिकेत अँटेना लावायचा सल्ला थट्टेचा वाटतो. मलाही वाटला होता. परंतु १२ जून २००९ रोजी इथल्या पूर्ण क्षमतेच्या स्टेशनांचे प्रसारण संपूर्ण डिजिटल झाले, आणि आज साध्या अँटेनावर चारही मोठी नेटवर्क अतिशय स्वच्छ चित्रासह, कोणतेही मासिक शुल्क न देता दिसतात. एकेका स्टेशनचे उपचॅनेलही असतात, म्हणून क्रमांक ४.१, ४.२ असे दिसतात. जुन्या मालिका आणि काउबॉयपट यांची तिथे रेलचेल असते.

अँटेना निवडताना पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली, क्रमांकावर विश्वास ठेवू नका. पडद्यावर दिसणारा क्रमांक ही केवळ दारावरची पाटी असते. स्टेशन प्रत्यक्षात भलत्याच लहरींवर असू शकते. १४ ते ३६ या क्रमांकांच्या लहरी यूएचएफ, ७ ते १३ वरच्या पट्ट्यातील व्हीएचएफ आणि २ ते ६ खालच्या पट्ट्यातील व्हीएचएफ. दुकानात मिळणारा, काचेवर चिकटवायचा पातळ अँटेना यूएचएफवर चांगला चालतो आणि व्हीएचएफवर लंगडतो. न्यूयॉर्कचे सात क्रमांकाचे एबीसी स्टेशन खरोखरच सातव्या लहरीवर आहे आणि फिलाडेल्फियाचे सहा क्रमांकाचे एबीसी स्टेशन खरोखरच सहाव्या, त्यामुळे दोन्ही घरांत माझ्याकडे बाकी सगळे आले आणि नेमके एबीसी तेवढे आले नाही. दोष खिडकीचा नव्हता, अँटेनाचा होता. लांब दांड्यांचा, व्हीएचएफसाठी बनवलेला अँटेना घेतल्यावर प्रश्न मिटला.

दुसरी, दिशा आणि उंची यांना किंमत आहे. न्यूयॉर्कचे प्रसारण एम्पायर स्टेट बिल्डिंग आणि वन वर्ल्ड ट्रेड सेंटर येथून होते, शिकागोचे विलिस टॉवर आणि जुन्या हॅनकॉक इमारतीवरून, लॉस एंजेलिसचे माउंट विल्सनवरून, तर सॅन फ्रान्सिस्कोच्या बहुतेक स्टेशनांचे सुट्रो टॉवरवरून. आपल्या खिडकीचे तोंड त्या दिशेला नसेल, तर पाकिटावर लिहिलेले मैलांचे आकडे वाचून फसू नका. मनोरे जवळ असतील, तर संकेत वाढवणारे यंत्रही लावू नका. त्याने ट्यूनर गोंधळतो आणि आलेली स्टेशनेही जातात.

तिसरी, घरमालकाच्या नकाराला घाबरून लगेच माघार घेऊ नका. एफसीसीच्या १९९६ सालच्या नियमानुसार जी बाल्कनी किंवा अंगण केवळ तुमच्या वापरात आहे, तिथे स्थानिक स्टेशनांसाठी अँटेना लावण्यास घरमालक किंवा सोसायटी सर्वसाधारणपणे मनाई करू शकत नाही. सामायिक छत आणि बाहेरच्या भिंतीला भोके पाडणे मात्र या संरक्षणात येत नाही, आणि सुरक्षिततेचे वाजवी नियम पाळावेच लागतात.

अँटेना जोडल्यावर टीव्हीच्या मेनूत जाऊन चॅनेल शोधाची आज्ञा द्यावी लागते. दर काही महिन्यांनी ती पुन्हा द्यावी, कारण स्टेशने लहरी बदलतात आणि उपचॅनेल येत-जात राहतात.

५. पैसे देऊन सेवा घेताना बिलाचा तळ वाचा

अँटेनावर भागत नसेल, तर केबल, उपग्रह किंवा इंटरनेटवरील टीव्ही सेवा हे पर्याय उरतात. १९९२ च्या केबल कायद्यानुसार प्रत्येक व्यावसायिक स्टेशनला दर तीन वर्षांनी निवड करता येते: केबल कंपनीने आपल्याला फुकट पण सक्तीने दाखवावे, किंवा दाखवायचे असेल तर मोबदला द्यावा. मोठी स्टेशने अर्थातच मोबदला मागतात आणि तो 'ब्रॉडकास्ट टीव्ही शुल्क' या नावाने तुमच्या बिलावर उतरतो, म्हणजे हवेतून फुकट येणाऱ्या गोष्टीचेच पैसे आपण देतो. त्याखाली 'प्रादेशिक क्रीडा शुल्क' असते. माझ्या पहिल्या बिलात जाहिरातीतील दर आणि प्रत्यक्ष रक्कम यांत इतके अंतर होते, की मी ते दुसऱ्या कुणाचे समजून बाजूला ठेवले होते. २०२४ साली एफसीसीने एकूण किंमत एकाच आकड्यात दाखवण्याचा नियम केला; तरीही वर्षानंतरचा दर काय, करार मोडल्यास दंड किती आणि पेटीचे भाडे वेगळे आहे का, हे तीन प्रश्न लेखी विचारावेत.

मोबदल्याची बोलणी फिसकटली, की चॅनेले रातोरात गायब होतात. ३१ ऑगस्ट २०२३ रोजी चार्टर ही केबल कंपनी आणि डिस्ने यांच्या वादात चार्टरच्या स्पेक्ट्रम सेवेच्या सुमारे दीड कोटी ग्राहकांची ईएसपीएनसह डिस्नेची चॅनेले बंद झाली, तीही अमेरिकन ओपन टेनिस ऐन रंगात असताना. ११ सप्टेंबरला, सोमवारच्या रात्रीच्या फुटबॉल सामन्याला काही तास उरले असताना, तडजोड झाली. न्यूयॉर्कमध्ये या वादात एबीसी स्टेशनही गेले होते, पण अँटेना असलेल्या घरांत ते नेहमीसारखे चालू होते. सेवा घेतली तरी अँटेना फेकून देऊ नये, तो यासाठी.

इंटरनेटवरील सेवांना दीर्घ करार नसतो, हा त्यांचा मोठा गुण. यूट्यूब टीव्हीचा दर जानेवारी २०२५ पासून महिना ८२.९९ डॉलर झाला, तेव्हा त्या स्वस्त असतात हा समज मात्र सोडून द्यावा. सगळी स्थानिक स्टेशने फुकट किंवा नाममात्र दरात दाखवणारे एखादे ॲप सापडले, तर जरा थांबावे: एरिओ या अशाच सेवेविरुद्ध २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल गेला आणि लोकास्ट २०२१ साली न्यायालयीन निकालानंतर बंद पडले.

६. खेळ: सामना कोणाचा, हक्क कोणाचा, आणि तुम्ही कुठे

भारतात २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण प्रसार भारतीला द्यावे लागते. अमेरिकेत असा कायदा नाही. उलट, १९६१ च्या क्रीडा प्रसारण कायद्याने लीगना, म्हणजे संघांच्या संघटनांना, आपल्या सर्व संघांचे हक्क एकत्र करून विकण्याची मुभा दिली आणि आजची सगळी गुंतागुंत त्या बाजारातून उभी राहिली. प्रत्येक खेळाची रीत निराळी आहे.

अमेरिकन फुटबॉल, म्हणजे त्याची एनएफएल ही लीग, हा त्यातल्या त्यात नवख्यांवर मेहेरबान. रविवारी दुपारचे सामने सीबीएस आणि फॉक्सवर, रविवारी रात्रीचा एनबीसीवर, सोमवारचा ईएसपीएनवर आणि कधी एबीसीवरही, गुरुवारचा ॲमेझॉनवर. सोमवारचा किंवा गुरुवारचा सामना तुमच्या शहरातील संघाचा असेल, तर तो तुमच्या एखाद्या स्थानिक स्टेशनवरही दिसतो. रविवारी दुपारी मात्र एकाच वेळी देशाच्या वेगवेगळ्या भागांत फॉक्सवर वेगवेगळे सामने चालू असतात आणि तुमच्या मार्केटला कोणता येणार, हे आधी ठरलेले असते. फाइव्ह-ओ-सिक्स स्पोर्ट्स या संकेतस्थळावर दर आठवड्याला त्याचे रंगीत नकाशे येतात; ते पाहण्याची सवय लावून घ्या. २०२३ पासून यूट्यूबवर मिळणारे 'संडे तिकीट' बाहेरगावचे रविवार दुपारचे सामने दाखवते, तुमच्या स्थानिक स्टेशनवर चालू असलेला सामना त्यात मिळत नाही. अनेक जण नेमके आपल्याच शहराच्या संघासाठी ते विकत घेतात आणि हात चोळत बसतात. सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, नेटवर्कमध्ये फिरत राहतो: २०२५ साली फॉक्सवर होता, २०२६ चा एनबीसीकडे. तो अँटेनावर फुकट दिसतो.

बेसबॉलचे गणित याच्या अगदी उलटे आहे. हंगामात प्रत्येक संघाचे १६२ सामने असतात आणि त्यांतील बहुतेक प्रादेशिक क्रीडा चॅनेलवर जातात: यांकीजचे येसवर, बॉस्टनचे नेसनवर, शिकागो कब्जचे मार्कीवर. लीगच्या स्वतःच्या ऑनलाइन सेवेत देशभरातील सामने मिळतात, पण तुमच्या भागातील संघाचे सामने त्या मूळ वर्गणीत झाकलेले असतात, म्हणजे दिसत नाहीत. आयोवा राज्यात स्वतःचा एकही मोठा संघ नसताना वर्षानुवर्षे शेजारच्या राज्यांतील सहा संघ 'स्थानिक' मानून झाकले गेले, हे ऐकून आयोवातील माझे मित्र हसत नाहीत. त्यातच २०२३ साली अशा डझनाहून अधिक चॅनेलांची मालक असलेली डायमंड स्पोर्ट्स ही कंपनी दिवाळखोरीत गेल्यापासून कोणता संघ कुठे दिसतो, हे दरवर्षी नव्याने पाहावे लागते.

बास्केटबॉलमध्ये २०२५-२६ च्या हंगामापासून राष्ट्रीय हक्क एबीसी-ईएसपीएन, एनबीसी आणि ॲमेझॉन यांच्याकडे आहेत. टीएनटीवरचे सामने संपले, त्यामुळे जुन्या याद्या कामाच्या नाहीत. फिनिक्स सन्ससारख्या काही संघांनी आपले स्थानिक सामने पुन्हा हवेतून फुकट दाखवायला सुरुवात केली आहे. ईएसपीएन ऑगस्ट २०२५ पासून केबलशिवायही महिना २९.९९ डॉलरला मिळू लागले. फुटबॉलच्या, म्हणजे आपल्या फुटबॉलच्या, विश्वचषकाचे २०२६ चे हक्क इंग्रजीत फॉक्सकडे आणि स्पॅनिशमध्ये टेलिमुंडोकडे. दोन्हींची स्टेशने अँटेनावर येतात आणि गोलनंतरचा जल्लोष स्पॅनिशमध्ये अधिक शोभतो.

७. क्रिकेट

इथे वरचे जवळजवळ काहीच लागू होत नाही. आयपीएल आणि आयसीसीच्या स्पर्धा विलो या सशुल्क चॅनेलवर असतात. ते अनेक सेवांत जादा पैसे देऊन मिळते आणि त्याचे स्वतंत्र ॲपही आहे. द्विपक्षीय मालिकांचे हक्क मात्र त्या-त्या मंडळाप्रमाणे बदलतात, म्हणून दौरा सुरू होण्यापूर्वी चौकशी करावी. भारतातील ॲपची वर्गणी इथे सामने दाखवत नाही, कारण ते हक्क भारतापुरते असतात. ६ जून २०२४ रोजी टेक्सासमधील ग्रँड प्रेअरी येथे मुंबईच्या सौरभ नेत्रावळकरने सुपर ओव्हर टाकून अमेरिकेला पाकिस्तानविरुद्ध जिंकून दिले, त्या दिवशी माझ्या अँटेनावरील पन्नासेक चॅनेलांपैकी एकावरही तो सामना नव्हता.

८. स्थानिक बातम्या सुरू ठेवा

१ सप्टेंबर २०२१ रोजी इडा वादळाचे अवशेष न्यू जर्सीवरून गेले, तेव्हा दक्षिणेकडील मलिका हिल येथे टोर्नेडोने, म्हणजे भोवऱ्यासारख्या वावटळीने, घरे जमीनदोस्त केली आणि उत्तरेत पुराने बळी घेतले. अशा वेळी स्थानिक स्टेशनचा हवामानतज्ज्ञ नेटवर्कचा कार्यक्रम तोडून गावाचे, रस्त्याचे नाव घेऊन सांगतो. 'वॉच' म्हणजे शक्यता आहे. 'वॉर्निंग' म्हणजे संकट आलेले आहे किंवा येऊन ठेपले आहे; ती टोर्नेडोची असेल तर खिडक्यांपासून दूर तळघरात जा, पुराची असेल तर तळघरात नव्हे, उंच जागी. इंटरनेट बंद पडले आणि वीज मात्र टिकली, तर त्या रात्री अँटेनाच कामी येतो.

वेळांचेही भान ठेवावे. मुख्य कार्यक्रम पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यावर रात्री ८ ते ११, तर मध्य भागात ७ ते १० असतात, आणि स्थानिक बातम्या त्यानंतर. पश्चिम किनाऱ्यावर मालिका तीन तास उशिराने दाखवल्या जातात, खेळ मात्र सगळीकडे त्याच क्षणी. कॅलिफोर्नियात रविवारचे फुटबॉल सकाळी दहालाच सुरू होते.

वेस्ट विंडसरहून फिलाडेल्फियाचे मनोरे नैऋत्येला आहेत आणि न्यूयॉर्कचे बरोबर विरुद्ध, ईशान्येला. मार्केटची रेषा ऑनलाइन सेवा पाळते; अँटेनाला झिप कोड कळत नाही. माळ्यावर दुसरा अँटेना ईशान्येकडे तोंड करून ठेवल्यापासून रविवारी फिलाडेल्फियाच्या २९ क्रमांकावर ईगल्स आणि न्यूयॉर्कच्या ५ क्रमांकावर जायंट्स, असे दोन्ही फॉक्स आमच्याकडे येतात. पावसाळी हवेत ५ क्रमांक थोडा अडखळतो.